आभाळ भरून आलं की

छंद निवडताना माणसाने आपल्या नोकरीची वेळ आधी बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला रात्री साडेदहालाही डिंकाची बाटली उघडता येते. पेटी वाजवणाऱ्याला शेजाऱ्यांच्या सहनशक्तीपुरता वेळ मिळतोच मिळतो. बागकामवाल्याचं तर सोन्याहून पिवळं. गुलाब बिचारा जागचा हलत नाही, रविवारपर्यंत थांबतो. पण डोंगरावर वादळ चालून येतंय, एका बाजूने काळंकभिन्न आभाळ उतरलंय, दुसऱ्या बाजूने तिरपं पिवळं ऊन पडलंय आणि दोघांच्या कात्रीत एखादा किल्ला उभा आहे, अशा देखाव्याचा फोटो काढायचा छंद ज्याला लागला, त्याने निदान बँकेत तरी नोकरी करू नये. वळवाच्या ढगाची कामाची वेळ साधारणपणे दुपारी तीन ते संध्याकाळी सहा. आणि त्याच वेळी मी काउंटरवर बसून ‘आमचं पासबुक कधी भरून मिळेल?’ या सनातन प्रश्नाला तोंड देत असतो.

१ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली. मला वाटलं, झालं, आता महिन्यातले दोन शनिवार आणि सगळे रविवार डोंगर आपले. पण ते परिपत्रक ढगांपर्यंत अजून पोचलेलं दिसत नाही. ते हटकून पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी भरून येतात. रजेचा अर्ज करावा तर कारण काय लिहायचं? ‘आकाशात ढग आल्यामुळे’ असं कारण आमच्या मॅनेजरसाहेबांच्या पुढ्यात ठेवायची माझी छाती नाही. उद्या सगळी शाखाच पावसाळाभर घरी बसेल, अशी त्यांची खात्री आहे.

मी नोकरीला आहे तो नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. पीककर्जाचं टेबल माझ्याकडे. शाखेच्या मागच्या खिडकीतून, जुन्या रजिस्टरांच्या थप्पीवर चढून पाहिलं, तर सातमाळा डोंगराची रांग दिसते. ही रांग देवाने फोटोसाठीच काढलीय की काय असं वाटतं. एकेक सुळका, एकेक कातळमाथा, ओळीने उभे. त्यात धोडप तर असा, की एकदा पाहिला की पुन्हा कुणी ओळख करून द्यायला नको. शिवपिंडीसारखा उभा माथा, शेजारी लांबच लांब कातळाची भिंत आणि त्या भिंतीला पडलेली खाच. जणू कुणीतरी वरच्या साहेबाने पंच मारून फाइलीला लावायचं ठरवलं आणि मग विसरून गेला.

कॅमेरा घेतला तो थकबाकीतून. २०२०च्या नोव्हेंबरात बँक कर्मचाऱ्यांचा अकरावा वेतन करार झाला, तो २०१७ पासून लागू होता, त्यामुळे मधल्या काळाची रक्कम एकदम हातात आली. आमच्या हिने त्या रकमेत मनातल्या मनात एक फ्रिज, दोन आहेर आणि स्वयंपाकघराचा ओटा बसवून ठेवला होता. मी त्यात एक जुना कॅमेरा बसवला. फ्रिज आला, आहेर झाले, ओटा तेवढा राहिला. तेव्हापासून ओट्याची फरशी दुखायला लागली की ती कॅमेऱ्याकडे बघते, आणि मी आभाळाकडे.

या छंदात पडल्यावर मला कळलेली पहिली गोष्ट अशी, की चांगल्या हवेत चांगला फोटो येत नाही. निरभ्र आकाश, स्वच्छ ऊन, बारा वाजलेत, अशा वेळी तुम्ही अख्खा सह्याद्री टिपलात तरी तो बँकेच्या कॅलेंडरावरच्या चित्रासारखा सपाट दिसतो. सूर्य डोक्यावर असला की सावल्या पायाखाली जातात आणि सावली गेली की डोंगराचं नाकडोळं जातं. सूर्य खाली उतरला, उजेड बाजूने आला, की एकेक घळ, एकेक कडा बोलायला लागतो. आपल्या डोंगरांच्या बाबतीत तर हे फारच खरं. हा सगळा थरांवर थर चढलेला लाव्हा. या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ‘ट्रॅप’ हा सापळा नव्हे, तर जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. हा जिना दुपारी दिसत नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मात्र पायऱ्या मोजून घ्याव्यात इतका स्वच्छ दिसतो.

आता त्या तिरप्या उन्हाच्या मागे काळं आभाळ आलं पाहिजे. आणि इथेच खरी मेख आहे. जुलै-ऑगस्टात लोक घाटात गर्दी करतात, भिजतात, भजी खातात आणि धुक्याचे पांढरेफटक फोटो घेऊन परत येतात. डोंगर कुठे आहे म्हणून विचारलं तर ‘या पांढऱ्याच्या मागे’ असं बोट दाखवतात. भर पावसाळ्यात ढगच डोंगरावर बसलेला असतो. ऊन आणि अंधार यांची गाठ पडायला मध्ये फट लागते. ती फट मिळते पावसाळ्याच्या दोन टोकांना. एप्रिल-मेमधला वळीव आणि नंतरचा परतीचा पाऊस. दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर ढग उभा वाढायला लागतो आणि वाढता वाढता बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. आपण ‘ढग आला’ म्हणतो, पण तो एव्हरेस्टपेक्षा उंच असा एक डोंगरच आलेला असतो. आपलं कळसूबाईचं शिखर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, १६४६ मीटर. असे सात-आठ कळसूबाई एकमेकींच्या खांद्यावर उभ्या कराव्या लागतील. असला पाहुणा पूर्वेला उभा राहिला आणि पश्चिमेला सूर्यासमोर मोकळी जागा राहिली, की समजावं, आता मिळाली तर पाच मिनिटं मिळतील.

त्या पाच मिनिटांत कॅमेरा आपल्याशी भांडायला लागतो. कॅमेऱ्याचं म्हणणं असं, की जगातली कुठलीही वस्तू सरासरीने करड्या रंगाची असते, आणि तो करडाही साधारण अठरा टक्क्यांचा. अठरा टक्के हा आकडा जीएसटीतून सुटून इथेही माझ्या मागे येईल असं मला वाटलं नव्हतं. पण कॅमेरा या हिशेबानेच चालतो. तुम्ही त्याला काळाकुट्ट ढग दाखवा, तो त्याला उजळ करून धुतलेल्या धोतरासारखा करतो. मी कॉमर्सचा माणूस असल्यामुळे सरासरीवर माझा विश्वास मुळीच नाही. नदीची सरासरी खोली तीन फूट असल्याचं ऐकून पाण्यात उतरलेला माणूस आम्हाला पहिल्याच वर्षी भेटलेला असतो. तेव्हा अशा वेळी कॅमेऱ्याला सांगावं लागतं, ‘बाबा रे, तुझ्या मनातल्यापेक्षा एक पायरी कमी उजेड घे.’ मग ढग काळा राहतो आणि उन्हातला कडा पांढरा फटफटीत न होता सोन्यासारखा उतरतो. शिवाय या नव्या कॅमेऱ्यांत अंधारात बुडालेली रक्कम थोडीफार वसूल होते, पण उजेडात जळालेली कायमची बुडीत खाती जाते. माझ्यासारख्या वसुलीखात्याच्या जवळ बसणाऱ्याला हे तत्त्व पाठ करावं लागलं नाही.

इंद्रधनुष्याचीही एक शिस्त आहे. ते नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूला उगवतं, म्हणून सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं. आणि सूर्य बेचाळीस अंशांहून वर असेल तर सपाट जमिनीवरून ते दिसतच नाही, म्हणून भर दुपारी त्याची वाट पाहू नये. बँकेत ज्यांनी साहेबाच्या केबिनकडे पाठ करून वर्षं काढली, त्यांना सूर्याकडे पाठ करणं काही जड जात नाही.

विजेची गोष्ट मात्र गंमतीची नाही. वीज चमकली की मी आकडे मोजायला लागतो. नोटा मोजायची सवय इथे कामी येते. तीन सेकंदांना एक किलोमीटर, हा हिशेब. तिसापर्यंत मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग कितीही देखणं ऊन पडलेलं असो, माथ्यावरून आणि मोकळ्या सड्यावरून खाली उतरून पक्क्या छपराखाली जायचं, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर पुढची तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. एकट्या झाडाखाली तर मुळीच नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचं विजेची सूचना देणारं ॲप काढलंय, ते आमच्या हिने स्वतःच्या फोनवर घेतलंय. माझ्या फोनवर नाही, तिच्या फोनवर. मी डोंगराकडे निघालो की ती ते उघडून बसते आणि दर दहा मिनिटांनी मला फोन करते. एकदा मी म्हटलं, ‘अगं, इतकी काळजी?’ तर म्हणाली, ‘अहो, कर्जाचे हप्ते तुमच्या पगारातून जातात.’

या साऱ्या खटाटोपात मला धीर देणारा एक गृहस्थ आहे. अमेरिकेचा अँसेल ॲडम्स. डोंगर आणि आभाळ यांचे काळेपांढरे फोटो काढण्यात त्याच्या तोडीचा माणूस विरळा. १९४१ साली न्यू मेक्सिकोत संध्याकाळच्या वेळी तो मोटारीने चालला होता. अचानक त्याला दिसलं, की लांब बर्फाच्या डोंगरांवर ढगांचा पट्टा आहे, वर चंद्र उगवलाय आणि खाली हर्नांडेझ नावाच्या खेड्यातल्या दफनभूमीतले क्रूस मावळत्या उन्हात चमकतायत. गाडी थांबवली, भला थोरला कॅमेरा मांडला, आणि उजेड मोजायचं यंत्र काही सापडेना. त्याला चंद्राची तेजस्विता पाठ होती. त्यावरून त्याने मनातल्या मनात गणित केलं आणि एक फोटो घेतला. दुसरा घ्यायला प्लेट उलटी करेपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलेलं होतं. तो एकच फोटो जगभर गाजला.

पण मला या गोष्टीतला आवडता भाग निराळाच आहे. एवढ्या मोठ्या माणसाने त्या फोटोची तारीख लिहून ठेवली नव्हती! पुढे तो कधी हे साल सांगायचा, कधी ते. शेवटी खगोलाच्या अभ्यासकांनी फोटोतल्या चंद्राची जागा मोजली, गणितं मांडली आणि १९९१ साली निकाल लागला: १ नोव्हेंबर १९४१, संध्याकाळचे ४ वाजून ४९ मिनिटं. तारीख नसलेला चेक आमच्याकडे कुणी आणला तर आम्ही तो काउंटरवरूनच परत करतो. या चेकवर मात्र खुद्द चंद्राने तारीख घातली होती. तेव्हापासून मी एक नियम केला. रोज सकाळी शाखेत तारखेचा शिक्का फिरवतो तसं, डोंगराकडे निघण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ मिनिटाला मिनिट जुळवायचं. आमच्या गावातल्या हौशी छायाचित्रकारांना या नियमाचं हसू येतं. ‘कलेला कसली आलीय तारीख?’ असं त्यांचं म्हणणं. मी कलावंत नाही, कारकून आहे, त्यामुळे मला राग येत नाही.

आभाळाबद्दल आमच्या घरात दोन पक्ष आहेत, हेही इथेच सांगितलं पाहिजे. एप्रिल महिन्यात आमच्या गच्चीवर कुरडया, पापड आणि सांडगे वाळत असतात. ईशान्येकडे काळं दिसलं की आम्ही दोघंही एकाच वेळी जिना चढतो. मी कॅमेरा घेऊन, ती चादर घेऊन. मी म्हणतो, ‘काय आभाळ आलंय!’ तीही म्हणते, ‘काय आभाळ आलंय!’ शब्द तेच. पण माझ्या वाक्यापुढे उद्गारचिन्ह असतं ते आनंदाचं, आणि तिच्या वाक्यापुढे असतं ते माझ्या पाठीत घालायच्या लाटण्यासारखं. मग चादरीची दोन टोकं माझ्या हातात येतात. अशा रीतीने चार चार किलो कुरडया वाऱ्याच्या झोतात, एकही न मोडता, जिन्यावरून खाली उतरवण्यात मी तरबेज झालो. या शिक्षणाचा पुढे कुठे उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

२०२३ सालचा एप्रिल नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या चांगला लक्षात असेल. त्या महिन्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट यांनी जिल्ह्याला झोडपून काढलं. महिन्यातला दुसरा शनिवार होता. ढगांनी पहिल्यांदाच परिपत्रक वाचलेलं दिसलं, कारण दुपारी चारलाच उत्तरेकडे काळं उभं राहिलं. मी स्कूटर काढली आणि धोडपच्या दक्षिणेकडच्या शेतांत, एका बांधावर जाऊन उभा राहिलो. शेजारी विहिरीवरची पक्की खोली होती, ती मी आधी हेरून ठेवलेली. समोर धोडप. त्याच्यामागे आभाळ शाईच्या दौतीसारखं. डावीकडून ऊन. कातळाच्या भिंतीतली ती खाच पेटल्यासारखी दिसत होती.

आणि समोरच्या शेतात कांदा काढून ठेवलेला होता. हा उन्हाळ कांदा. मार्च-एप्रिलमध्ये काढतात, पातीसकट शेतातच वाळवतात, मग पात कापून चाळीत भरतात, म्हणजे पुढचे चार-पाच महिने टिकतो. ओला कांदा चाळीत गेला की तो स्वतः सडतो आणि शेजाऱ्यालाही सडवतो. हे मला शेती करून नव्हे, पीककर्जाचे कागद भरून भरून माहीत झालेलं. तो कांदा म्हणजे बियाण्यापासून मजुरीपर्यंत सगळा खर्च जमिनीवर उघडा मांडलेला होता, आणि त्याच्या मालकाजवळ तो झाकायला एकच ताडपत्री होती. म्हातारा आणि म्हातारी, दोघंच. वाऱ्याने ताडपत्रीचं एक टोक धरावं तर दुसरं सुटत होतं.

मी एक फोटो घेतला. घेतलाच. चार सेकंदांचं काम. मग तिवईसकट कॅमेरा विहिरीच्या खोलीत ठेवला आणि पळत जाऊन ताडपत्रीची दोन टोकं धरली. म्हाताऱ्याने मला आपादमस्तक पाहिलं. शर्ट इन केलेला, खिशाला पेन, असा मनुष्य आभाळातून पडल्यासारखा आलेला. पण विचारपूस करायला वेळ नव्हता. ‘धरा बाबा, कडंनं दगडं ठिवा,’ एवढंच बोलला. कुरडयांचं सगळं शिक्षण तिथे पणाला लागलं. वाऱ्याला पाठ द्यायची, टोक आधी खाली दाबायचं, मग पसरायचं. आम्ही एक मोठा ढीग झाकला. दुसरा अर्धा झाकला. तेवढ्यात पहिली वीज चमकली, मी नुकता बारापर्यंत मोजतोय तोच गडगडाट झाला, आणि मी दोघांनाही अक्षरशः ओढत खोलीत आणलं. ‘आवं, त्यो तिकडला ढीग...’ असं म्हातारी म्हणत होती. मग पत्र्यावर गारा वाजायला लागल्या आणि कुणालाच कुणाचं ऐकू येईना.

गारांचा प्रकार असा, की ढगाच्या आत खालून वर जाणारा वारा इतका जोराचा असतो, की पाण्याचा थेंब वर जाऊन गोठतो, त्यावर आणखी पाणी गोठत जातं, आणि वाऱ्याला तोलवेनासं वजन झालं की गार खाली येते. शास्त्र म्हणून मोठं मनोरंजक आहे. पत्र्याच्या खोलीत त्या दोघांच्या मधे बसून ते मला मुळीच मनोरंजक वाटलं नाही. पाच-सात मिनिटंच पडल्या. हिचा फोन तीनदा येऊन गेला.

त्यानंतर गडगडाट लांब लांब जात विरला. शेवटच्या आवाजानंतर मी घड्याळ लावून अर्धा तास दोघांना धरून ठेवलं. म्हातारा दारात उकिडवा बसून नुसता बघत होता. मग आम्ही बाहेर आलो आणि पश्चिमेला ढगाखालून सूर्य बाहेर पडला. काय सांगू! सगळ्या शेतावर गारा पांढऱ्याशुभ्र पसरलेल्या, त्यांतून लालसर कांदे वर डोकावतायत, धोडपचा माथा सोन्याने मढवल्यासारखा, आणि मागे अजून ते काळं आभाळ. माझ्या दोन वर्षांच्या खटपटीत असा उजेड मी पाहिला नव्हता. इंद्रधनुष्यही उगवलं होतं, पण ते बिचारं नियमाप्रमाणे सूर्यासमोर, पूर्वेला, एका पोल्ट्रीच्या पत्र्यावर. धोडपकडे ते येणं शक्य नव्हतं.

कॅमेरा हातात होता, पण उचलवेना. म्हातारा त्या उरलेल्या ढिगाजवळ जाऊन उभा होता. मी जवळ गेलो आणि विचारलं, ‘बाबा, एक फोटो काढू का?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग धोडपकडे, मग खाली. म्हणाले, ‘काढा की सायेब. आज तेवढंच पीक हाती लागंल.’

मी फोटो काढला. त्यांच्यासकट काढला. कॅमेऱ्याने वेळ नोंदवली, ६ वाजून ११ मिनिटं.

पुढे हा फोटो मी आमच्या हौशी मंडळाच्या बैठकीत दाखवला. मंडळी खूश झाली. आभाळाची तारीफ झाली, उजेडाची झाली, गारांचा पोत वाखाणला गेला. मंडळातले एक जाणकार चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, ‘सगळं छान आहे. फक्त उजवीकडचा तो माणूस नजर खेचतो. त्याला क्रॉप करा.’ फोटोग्राफीत ‘क्रॉप’ म्हणजे नको असलेली कड कापून टाकणं. आमच्या बँकेत मात्र ‘क्रॉप’ म्हणजे पीक. मी दोन्हीकडचा माणूस असल्यामुळे माझा जरा गोंधळ उडाला. म्हटलं, ‘त्यांचा क्रॉप एकदा झालाय, आता पुन्हा नको.’ विनोद म्हणून कुणी हसलं नाही, आणि विनोद म्हणून मी केलाही नव्हता.

दोन दिवसांनी म्हातारबा शाखेत आले. मला शोधायला नव्हे, कर्जाची चौकशी करायला. काच ओलांडून मला पाहिलं आणि म्हणाले, ‘आरं, ताडपत्रीवालं सायेब!’ त्या दिवसापासून शाखेत माझं ते नाव पडलं, ते आजतागायत आहे. बोलता बोलता कळलं, की नुकसानीचे पंचनामे सुरू आहेत, आणि त्यांच्या बाजूच्या शिवारात गारा पडल्याच नाहीत असं कुणीतरी ठामपणे सांगून बसलंय. गारांचं हेच वाईट. अर्धा तास ऊन लागलं की पुरावा पाणी होऊन जमिनीत मुरतो.

मी म्हटलं, ‘बाबा, थांबा.’ फोटो मोठा छापून घेतला. त्यात गारा होत्या, कांदे होते, स्वतः बाबा होते, तारीख होती, वेळ होती. आणि जागेबद्दल कुणी शंका काढू नये म्हणून मागे धोडप उभा होता, खाचेसकट. साऱ्या महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे तो हलवता येत नाही. अर्जाचा मसुदा मी लिहून दिला, सोबत ‘छायाचित्र एक’ असं नमूद केलं, खाली रेघ मारली. माझ्या कुठल्याही फोटोला आजवर मिळालेलं ते सगळ्यात मोठं प्रदर्शन. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक, असे तीन परीक्षक एकदम. तिघांपैकी कुणीही आभाळाची तारीफ केली नाही. त्यांनी फोटो पाहिला, शेत पाहिलं आणि बाबांचं नाव यादीत घातलं.

भरपाई किती मिळाली? ते मी सांगणार नाही. ग्राहकाच्या खात्यातली रक्कम दुसऱ्याला सांगणं आमच्या धंद्यात बसत नाही. एवढंच म्हणतो, की गेलेलं सगळं परत मिळाल्याचं माझ्या टेबलावरून अजून कुणालाही कधी दिसलेलं नाही, पण पुढच्या हंगामात त्यांनी कांदा लावला.

त्या फोटोची एक प्रत मी चौकट करून त्यांना नेऊन दिली. म्हातारीने पदराने काच पुसली. दोघांनी बराच वेळ पाहिलं. ‘ही आपली हीर. हा झाकलेला ढीग, ह्यो वाचला बगा. आन् ह्यो गेला.’ धोडपकडे, उजेडाकडे, दौतीतल्या शाईसारख्या आभाळाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मला जरासं वाईट वाटायला लागलं होतं, तोच बाबा म्हणाले, ‘आभाळ बी झ्याक आलंय की.’ आणि फोटो कॅलेंडराशेजारच्या खिळ्यावर लावला.

आता एप्रिल उजाडला की मला दोन फोन येतात. एक गच्चीवरून, चादर धरायला. दुसरा धोडपच्या पायथ्याहून. त्या फोनसाठी मी हवामानखात्यापेक्षा जास्त अधीर असतो, कारण बाबांचा अंदाज सहसा चुकत नाही.

‘सायेब, धोडपच्या मागं काळं उठलंय. ऊन बी हाय अजून. लई भारी फोटू व्हईल, या.’ आणि फोन ठेवता ठेवता आठवल्यासारखं, ‘येतायेता दोन ताडपत्र्या आना.’